इलेक्ट्रिक गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरली, तर काय करायचं?

इलेक्ट्रिक गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक गाडीच्या पोटाखाली पसरलेली, चाकं फिरवणारी मोठी बॅटरी. बहुतेक गाड्यांत ती ३०० ते ४०० व्होल्टची असते, काही नव्या गाड्यांत ८०० च्या आसपास. दुसरी पेट्रोल गाडीत असते तशीच १२ व्होल्टची, छोटी. आपलं सगळं लक्ष मोठीच्या टक्क्यांकडे असतं, पण गाडी जागेवर अडून बसते ती बऱ्याचदा छोटीमुळे. मोठी ८० टक्के भरलेली असली तरी छोटी उतरली की दार उघडत नाही, स्क्रीन लागत नाही, आणि चार्जर लावला तरी चार्जिंगही सुरू होत नाही.

हे शेवटचं अनेकांना पटत नाही. बॅटरीच उतरली आहे ना, मग चार्जिंगला लावली की होईल ठीक, असं वाटतं आणि माणूस तासभर चार्जरशी झटत बसतो. तो तास वाचावा म्हणून आधी आतली रचना समजून घेऊ.

मोठी बॅटरी असताना छोटीची गरज काय?

गाडी बंद असते तेव्हा मोठी बॅटरी बाकीच्या गाडीपासून पूर्ण तोडलेली असते. तिच्या दोन्ही टोकांना कॉन्टॅक्टर नावाचे दणकट रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, असतात. त्यांच्या कॉइलला १२ व्होल्ट मिळाले तरच ते जोडले जातात. ते १२ व्होल्ट गेले की स्प्रिंगच्या जोरावर आपोआप उघडतात. अपघातात किंवा दुरुस्तीच्या वेळी शेकडो व्होल्ट गाडीभर खेळू नयेत म्हणून ही सोय आहे, आणि ती योग्यच आहे.

तुम्ही ब्रेक दाबून स्टार्टचं बटण दाबता तेव्हा आधी छोट्या बॅटरीवर गाडीतले कॉम्प्युटर जागे होतात. ते इन्सुलेशन, तापमान, सेलचा व्होल्टेज तपासतात आणि मग कॉन्टॅक्टर बसवतात. शांत जागी कान दिला तर सीटखालून 'टक्, टक्' असा आवाज येतो, तो हाच. त्यानंतर डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतल्या विजेचा व्होल्टेज कमी करून साधारण १३.५ ते १४.७ व्होल्टवर छोटीला भरू लागतो. पेट्रोल गाडीत अल्टरनेटर जे करतो तेच इथे कन्व्हर्टर करतो. चार्जिंगचंही तसंच. चार्जरशी बोलणारा कॉम्प्युटर आणि कॉन्टॅक्टर दोघांनाही आधी १२ व्होल्ट लागतात. ते नसतील तर मोठी बॅटरी भरलेली असून कुलूपबंद राहते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचं बरंचसं तिच्यावरच अवलंबून आहे. पेट्रोल गाडीची बॅटरी म्हातारी झाली की स्टार्टर मारताना आवाज जड येतो, इंजिन रेंगाळत फिरतं. आठवडाभर आधी इशारा मिळतो. स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो, त्यामुळे कमजोरी लपत नाही. इलेक्ट्रिक गाडीत स्टार्टरच नाही. कॉम्प्युटर आणि कॉन्टॅक्टरना थोडे अँपिअर पुरतात. बॅटरीचा जीव पार संपत आलेला असतानाही गाडी रोज नेहमीसारखी सुरू होते आणि एक दिवस होतच नाही. इशारा गाडी देणार नसेल तर मोजमाप आपल्यालाच करावं लागतं. मात्र याचीच दुसरी बाजू अशी, की अशा गाडीला पुन्हा जागं करायला फार थोडी ताकद लागते.

छोटी बॅटरीच गेली आहे, हे ओळखायचं कसं?

पूर्ण मेली असेल तर प्रश्नच नाही: किल्लीला प्रतिसाद नाही, आतला दिवा नाही, सगळं अंधारात. अर्धमेली असेल तेव्हा गोंधळ होतो. स्क्रीन लागते आणि विझते, डॅशबोर्डमागून रिलेचा तडतड आवाज येतो, आणि एकाच वेळी ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, मोटर अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या सूचनांची रांग लागते. इतके भाग एकाच सकाळी बिघडत नसतात. व्होल्टेज खाली गेला की एकेक कॉम्प्युटर बोलायचा थांबतो आणि बाकीचे त्याच्या नावाने तक्रार नोंदवतात. अशी रांग दिसली की आधी १२ व्होल्ट मोजा, मग घाबरायचं की नाही ते ठरवा.

मोजायला साधा मल्टिमीटर (व्होल्ट, अँपिअर मोजणारा छोटा मीटर) पुरतो. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक प्लसला, काळं मायनसला. लेड-ॲसिड (शिसं आणि ॲसिडची, नेहमीची) बॅटरी काही तास निवांत राहिलेली असेल तर १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, १२.० म्हणजे पाव, आणि ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. एजीएम प्रकारची (लेड-ॲसिडच, पण ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेली) बॅटरी भरलेली असताना १२.८ च्या आसपास दाखवते.

लिथियमच्या छोट्या बॅटरीला हे आकडे लागू नाहीत. लिथियम फॉस्फेटची १२ व्होल्टची बॅटरी निवांत असताना १३.२ ते १३.३ दाखवते आणि जवळजवळ रिकामी होईपर्यंत आकडा फारसा हलत नाही. टेस्लाने २०२१ च्या अखेरीपासून आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीचा व्होल्टेज तर १५-१६ च्या घरात असतो, आणि सायबरट्रकमध्ये ही छोटी प्रणाली ४८ व्होल्टची आहे. म्हणून काहीही जोडण्यापूर्वी गाडीचं मॅन्युअल उघडा. त्याची पीडीएफ मोबाईलमध्ये उतरवून ठेवा. गाडीच्या स्क्रीनमध्ये असलेलं मॅन्युअल नेमकं त्या दिवशी दिसणार नाही.

दार आणि बॉनेट उघडणं

किल्लीच्या रिमोटमध्ये बहुधा एक धातूची किल्ली लपवलेली असते; बाजूची छोटी खिटी सरकवली की ती बाहेर येते. तिचं छिद्र ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवर किंवा हँडलच्या टोकाला बसवलेल्या प्लास्टिकच्या टोपीखाली असतं. टोपीच्या खालच्या फटीत किल्लीचं टोक घालून हलकेच वर उचललं की ती निघते. हे एकदा बॅटरी ठीक असताना करून पाहा. वर्षानुवर्षं न वापरलेलं कुलूप अडकतं, आणि अंधारात ती फट सापडत नाही.

दार उघडल्यावर बहुतेक गाड्यांत बॉनेटची खिटी तारेची असते, तिला वीज लागत नाही. अडचण आहे ती विजेवर उघडणाऱ्या बॉनेटची. टेस्लाच्या मॉडेल ३ आणि मॉडेल वायमध्ये पुढच्या बंपरवर टोइंगच्या हुकाची गोल टोपी असते. तिच्यामागे लाल आणि काळी अशा दोन वायरी असतात. त्यांना बाहेरून १२ व्होल्ट दिले की बॉनेट उघडतं. त्या वायरींनी गाडी चार्ज मात्र होत नाही, फक्त खिटी सुटते. तुमच्या गाडीत अशी काय सोय आहे हे मॅन्युअलमध्ये 'आपत्कालीन' या प्रकरणात सापडेल.

फ्रेम नसलेल्या काचेच्या गाड्यांत दार उघडताना काच थोडी खाली सरकते. वीज नसेल तर ती सरकत नाही. अशा वेळी दार आपटू नका. काच रबराला अडकून फुटू शकते.

बॅटरी नेहमी बॉनेटखालीच असते असं नाही. काहींची डिकीच्या तळाशी किंवा सीटखालीही असते. बॅटरी मागे असेल तर पुढे फ्यूजच्या डब्याजवळ लाल टोपीखाली जोडणीसाठी वेगळा प्लस टर्मिनल दिलेला असू शकतो. तो असेल तर तोच वापरा.

जोडणीचे चिमटे लावण्याआधी

भगव्या रंगाच्या कुठल्याही केबलला किंवा तिच्या जोडणीला हात लावायचा नाही. भगवा रंग म्हणजे मोठ्या बॅटरीची वायरिंग. छोट्या बॅटरीचं काम करताना तिकडे जाण्याचं काहीच कारण नसतं.

मग बॅटरीकडे नीट पाहा. कवच फुगलं आहे, चिरलं आहे, ओल पाझरते आहे, सडक्या अंड्यासारखा वास येतो आहे, यातलं काहीही असेल तर जोडणी करू नका, बॅटरी बदलावीच लागेल. कडाक्याच्या थंडीत पूर्ण उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी शून्याखाली काही अंशांवरच आतून गोठू शकते. गोठलेल्या बॅटरीत करंट घालणं धोक्याचं आहे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला असेल तर तो आधी साफ करा. कित्येकदा बॅटरी उतरलेली नसतेच, क्लॅम्प सैल झालेला असतो. हाताने हलवून पाहा, अजिबात हलता कामा नये.

हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण प्लस आणि बॉडी यांच्यात अंगठी अडकली तर ती क्षणात तापून लाल होते. गाडी पार्कमध्ये आहे, एसी, दिवे, संगीत सगळं बंद आहे आणि चार्जिंगची केबल काढलेली आहे, याची खात्री करा. केबल पोर्टमध्येच अडकून बसली असेल तर काही गाड्यांत आतून ओढायची एक छोटी दोरी किंवा तार असते. ती सापडत नसेल तर केबल तशीच राहू द्या, ओढाताण करू नका. गाडी जागी झाल्यावर ती सुटेल.

गाडी जागी करणं

माझी पसंती खिशात मावणाऱ्या लिथियम जंप स्टार्टरला आहे, म्हणजे चिमटे असलेल्या छोट्या पॉवर बँकेला. पेट्रोल गाडीसाठी मोठा घ्यावा लागतो. इथे छोटासाही भागवतो, आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीवर अवलंबून राहावं लागत नाही. तो नसेल तर दुसऱ्या पेट्रोल-डिझेल गाडीची १२ व्होल्टची बॅटरी चालेल; ती जोडायला जंपर केबल, म्हणजे दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या लाल-काळ्या वायरी, लागतात. ट्रकची २४ व्होल्टची प्रणाली चुकूनही नको. मदतीला आलेल्या गाडीचं इंजिन बंद असलं तरी पुरतं, कारण आपल्याला स्टार्टर फिरवायचा नाही. इंजिन बंद असेल तर व्होल्टेजचे चढउतार आपल्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचण्याचा धोकाही टळतो.

क्रम असा:

१. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला लावा. प्लसवर सहसा लाल टोपी असते, पण टोपीवर विश्वास न ठेवता कवचावरचं '+' चिन्ह वाचा.
२. लाल केबलचं दुसरं टोक मदतीच्या बॅटरीच्या प्लसला.
३. काळा चिमटा मदतीच्या बॅटरीच्या मायनसला.
४. काळ्याचं दुसरं टोक आपल्या गाडीच्या बॉडीवरच्या रंग नसलेल्या जाड बोल्टला किंवा कंपनीने दिलेल्या अर्थिंगच्या जागी. बॅटरीच्या मायनसवर लावू नका.

जंप स्टार्टर असेल तर लाल प्लसला, काळा अर्थिंगला, आणि मग त्याचं बटण सुरू. दोन्ही चिमटे लागेपर्यंत तो बंदच ठेवा.

शेवटचा चिमटा बॉडीला लावण्याची कारणं दोन. लेड-ॲसिड बॅटरीभोवती हायड्रोजन साचू शकतो, आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. ती बॅटरीपासून लांब उडालेली बरी. शिवाय अनेक गाड्यांत मायनस टर्मिनलवरच एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. बॅटरीत किती करंट गेला आणि किती आला याचा हिशेब तो ठेवतो. चिमटा थेट मायनसच्या खुंटीवर लावला की करंट त्याला वळसा घालून जातो आणि हिशेब चुकतो.

प्लस-मायनसची अदलाबदल हा इथला सगळ्यात महाग प्रकार. फ्यूज उडाला तर नशीब. डीसी-डीसी कन्व्हर्टर किंवा एखादा कॉम्प्युटर जळू शकतो. बटण दाबण्याआधी दोन्ही चिमटे पुन्हा एकदा डोळ्यांनी तपासा, आणि घाईत असाल तर तिसऱ्यांदाही.

कधीकधी बॅटरी इतकी खाली गेलेली असते की जंप स्टार्टरला ती दिसतच नाही. त्यासाठी त्यावर 'बूस्ट' किंवा 'ओव्हरराइड' असं बटण असतं. ते दाबलं की उलट जोडणीपासूनचं संरक्षण बंद होतं, त्यामुळे चिमट्यांची खात्री झाल्यावरच वापरा.

आता तीन-चार मिनिटं थांबा. आत बसा, किल्ली जवळ ठेवा, ब्रेक पूर्ण दाबा आणि स्टार्ट करा. फक्त स्क्रीन लागली म्हणून खूश होऊ नका. 'रेडी' हा शब्द किंवा गाडीचं हिरवं चिन्ह दिसायला हवं. तेच कॉन्टॅक्टर बसल्याचं आणि कन्व्हर्टर सुरू झाल्याचं लक्षण. 'रेडी' आलं की चिमटे उलट्या क्रमाने काढा: आधी अर्थिंगचा काळा, शेवटी लाल.

लिथियमची छोटी बॅटरी खूप उतरली की तिच्या आतलं संरक्षण तिला स्वतःहून तोडून टाकतं आणि मल्टिमीटर शून्य दाखवतो. ती मेलेली असेलच असं नाही. काही गाड्यांत, विशेषतः ह्युंदाई-कियाच्या काही हायब्रिड मॉडेलांत, यासाठी डॅशबोर्डवर १२ व्होल्ट बॅटरी रिसेटचं बटण दिलेलं आहे. ते दाबून लगेच गाडी 'रेडी' करायची असते.

'रेडी' आल्यानंतर

लगेच बंद करू नका. गाडी जागी झाली म्हणजे बॅटरी भरली असं नव्हे. लेड-ॲसिड बॅटरी सावकाश भरते. निदान दोन-तीन तास गाडी 'रेडी'मध्ये ठेवा, चालवा किंवा सरळ चार्जिंगला लावा. चार्जिंग सुरू असताना छोटीही भरली जाते. उभ्या गाडीत 'रेडी' ठेवायचं तर जवळच थांबा: इंजिनाचा आवाज नसल्यामुळे गाडी सुरू आहे हे कुणाला कळत नाही, आणि मुलांनी गिअर ओढला तर ती चालू लागेल.

गाडी 'रेडी'मध्ये उभी असताना एकदा बॅटरीवर मीटर लावा. १३.५ ते १४.७ दिसलं तर कन्व्हर्टर काम करतो आहे. काही गाड्या बॅटरी भरल्यावर व्होल्टेज मुद्दाम खाली आणतात, त्यामुळे तासाभराने १३ च्या जवळपासचा आकडा दिसला तर लगेच दोष मानू नका. पण बॅटरी उतरलेली असताना, जंप दिल्यावर लगेच १२.५ किंवा त्याहून कमी दिसत असेल आणि आकडा आणखी उतरत असेल, तर छोटी भरतच नाही आहे. अशी गाडी घेऊन लांब जाऊ नका. अशा दोषाची मोठी उदाहरणं आहेत: २०२४ मध्ये ह्युंदाई आणि कियाने आयोनिक ५, ईव्ही६ यांसारख्या गाड्या परत बोलावल्या, कारण चार्जिंग आणि १२ व्होल्ट दोन्ही सांभाळणारं त्यांचं आयसीसीयू युनिट बिघडून छोटी बॅटरी भरणं थांबू शकत होतं. तुमच्या मॉडेलसाठी असा रिकॉल आहे का, हे गाडीचा व्हीआयएन (चॅसिस) क्रमांक देऊन तपासा.

घड्याळ, काचांची एका स्पर्शात वर जाण्याची सोय, स्टिअरिंगचा कोन यांची आठवण पुसली गेलेली असू शकते. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा. स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवा. बऱ्याच सूचना थोडं अंतर चालल्यावर स्वतःहून जातात. गेल्या नाहीत तर मात्र गॅरेजमध्ये स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र) लावून घ्या.

तरीही सुरू होत नसेल तर

चिमट्यांची पकड आणि अर्थिंगची जागा बदलून एकदा पाहा, किल्लीची स्वतःची बॅटरी पाहा, मुख्य फ्यूज पाहा. एवढ्यावर थांबा आणि मदत बोलवा. टोइंगवाल्याला सांगताना 'इलेक्ट्रिक गाडी, १२ व्होल्ट बंद, गिअर पार्कमध्ये अडकलेला' हे तिन्ही सांगा. वीज नसल्यामुळे पार्किंग ब्रेक सुटत नाही आणि न्यूट्रल येत नाही. चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर जनरेटरसारखी वीज बनवू लागते आणि नुकसान होऊ शकतं. सपाट पाटीचा ट्रकच हवा, आणि अडकलेल्या चाकांखाली सरकणाऱ्या ट्रॉल्या.

बॅटरी कशामुळे उतरली, ते शोधा

जंप देऊन गाडी घरी नेली आणि विषय संपवला, असं झालं तर तीच वेळ पुन्हा येते. कारणं ठरावीक आहेत, आणि बहुतेक सवयींत सापडतात.

पहिलं, 'रेडी' न करता ॲक्सेसरी मोडमध्ये (फक्त स्क्रीन, संगीत, पंखा चालू) बसणं. गाणी चालू, पंखा चालू, वाट पाहत अर्धा-पाऊण तास. बऱ्याच गाड्यांत या मोडमध्ये कन्व्हर्टर बंद असतो. सगळा भार छोटीवर. थांबायचंच असेल तर 'रेडी'मध्ये थांबा, मोठी बॅटरी ते ओझं सहज पेलते.

दुसरं, बाहेरून बसवलेली उपकरणं. गणित करून पाहू. छोटी बॅटरी ४५ अँपिअर-तासांची (बॅटरीत किती वीज मावते याचं माप) धरू. गाडी झोपलेली असताना (बंद, आतले कॉम्प्युटरही शांत) ५० मिलीअँपिअर ओढत असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे अर्धी व्हायला १८-१९ दिवस. आता पार्किंग मोडमध्ये ३०० मिलीअँपिअर घेणारा डॅशकॅम (काचेवरचा कॅमेरा) त्यात मिळवा. दिवसाला ८.४ अँपिअर-तास, तिसऱ्या दिवशी बॅटरी अर्ध्यावर. बॅटरी जुनी असेल आणि तिच्यात ४५ ऐवजी २० च उरले असतील, तर एका दिवसातच ती अर्ध्याच्या जवळ येते. ओबीडी पोर्टमध्ये (स्टिअरिंगखालच्या, दोष तपासायच्या सॉकेटमध्ये) कायम लावून ठेवलेला डोंगलही, म्हणजे मोबाईलला माहिती पाठवणारं छोटं उपकरणही, हेच करतो, कारण काही डोंगल गाडीच्या कॉम्प्युटरांना झोपूच देत नाहीत.

तिसरं, गाडीला सारखं उठवणं. ॲप उघडून तासातासाला टक्के पाहिले की प्रत्येक वेळी अर्धी गाडी जागी होते. किल्ली घरात, पण गाडीलगतच्या भिंतीवर टांगलेली असेल तरीही तेच. काही गाड्या मोठीतून छोटीला अधूनमधून आपोआप भरतात, पण सगळ्या नाही. आणि ज्या भरतात त्यांतल्या काही, मोठीची पातळी फार खाली गेली की हे काम थांबवतात.

सवयी ठीक असतील तर झोपेतला करंट मोजा. गाडी बंद करा, किल्ली लांब ठेवा, बॉनेट उघडंच असू द्या पण त्याची खिटी पेचकसाने बंद स्थितीत सरकवा, म्हणजे गाडीला ते बंद आहे असं वाटेल. (काम झाल्यावर आतल्या लीव्हरने ती सोडवा, नाहीतर बॉनेट बसणार नाही.) तासभर जाऊ द्या. मायनसच्या केबलभोवती डीसी मिलीअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर लावा. सुरुवातीला काही अँपिअर दिसतात, मग आकडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो आणि २० ते ५० मिलीअँपिअरवर स्थिरावतो. मधूनच तो उसळला तर गोंधळू नका, इलेक्ट्रिक गाडी स्वतःची तपासणी करायला अधूनमधून उठते. पण आकडा शेकड्यातच अडकून राहिला तर काहीतरी जागं आहे. कोणतं सर्किट, हे पाहायला फ्यूज उपटत बसू नका, कारण फ्यूज काढ-घाल केली की कॉम्प्युटर पुन्हा जागे होतात आणि तासभराची वाट फुकट जाते. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही टोकं त्यांना लावा. ज्या फ्यूजवर शून्य सोडून आकडा येतो, त्यातून करंट वाहतो आहे. त्याचं नाव झाकणावरच्या तक्त्यात वाचा.

यातलं काहीच सापडलं नाही आणि बॅटरी तीन ते पाच वर्षांची झाली असेल, तर कारण वय हेच. आणि एक पथ्य: लेड-ॲसिड बॅटरी एकदा पार रिकामी होऊन काही दिवस तशीच राहिली, की प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर बसतात. ती पुन्हा भरलेली दिसते, १२.६ ही दाखवते, पण पोटात काही नसतं. म्हणून व्होल्टेजवर न जाता बॅटरीची क्षमता तपासणारा टेस्टर लावून घ्या.

बॅटरी बदलताना

प्रकार, माप, अँपिअर-तास आणि प्लस-मायनसची बाजू जुन्याप्रमाणेच हवी. एजीएम असेल तिथे साधी पाण्याची बसवू नका. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल तर वायू बाहेर नेणारी बारीक नळी जुन्यावरून काढून नव्याला लावायला विसरू नका. लेड-ॲसिडच्या जागी लिथियम घालण्याचा मोह होतो, वजनही कमी होतं. पण कन्व्हर्टरचा व्होल्टेज तिला मानवतो की नाही हे कंपनी सांगत नसेल तोवर मी ते करणार नाही.

गाडी पूर्ण झोपू द्या, मगच हात घाला. काढताना आधी मायनस, मग प्लस. बसवताना आधी प्लस, मग मायनस. या क्रमाचं कारण पान्हा: मायनस आधीच सुटलेला असेल तर प्लसवरचा पान्हा बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. सुटलेलं मायनसचं टोक कापडात गुंडाळून बाजूला ठेवा, नाहीतर ते स्वतःच्या ताणाने परत खुंटीवर येऊन टेकतं. बॅटरी डिकीत असेल आणि डिकी विजेवर उघडत असेल तर काम संपेपर्यंत डिकी बंद होऊ देऊ नका. काही गाड्यांना नवी बॅटरी बसवल्याचं स्कॅनरने कळवावं लागतं. न कळवल्यास गाडी जुन्या बॅटरीच्या हिशेबाने नवीला भरत राहते.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर

मोठी ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा, डॅशकॅम आणि डोंगल काढा, ॲपला हात लावू नका. जवळ प्लग असेल तर १२ व्होल्टचा मेंटेनन्स चार्जर (बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा) सगळ्यात उत्तम. बॅटरीच्या प्रकाराशी जुळणारा घ्या, आणि लिथियमला 'डीसल्फेशन' (सल्फेटचे थर काढायचा) मोड कधीच लावू नका. प्लग नसेल तर आठवड्या-दोन आठवड्यांनी कुणाला तरी गाडी तासभर 'रेडी'मध्ये ठेवायला सांगा. गाडी चार्जरला जोडून सोडून दिली म्हणजे छोटीही सुरक्षित, असं गृहीत धरू नका: मोठी भरली की अनेक गाड्यांत चार्जिंग थांबतं आणि छोटीही त्यानंतर भरली जात नाही.

तुमच्या गाडीवरून दुसऱ्या गाडीला जंप देण्याची विनंती कुणी केली तर मॅन्युअल काय म्हणतं ते आधी पाहा. बहुतेक कंपन्या मनाई करतात. पेट्रोल गाडीचा स्टार्टर एका झटक्यात शेकडो अँपिअर मागतो, आणि कन्व्हर्टर तेवढ्यासाठी बनलेला नसतो. त्याऐवजी आपला जंप स्टार्टर हातात द्या.

तो जंप स्टार्टर ठेवायचा कुठे, हेही ठरवून टाका. विजेवर उघडणाऱ्या बॉनेटखाली किंवा डिकीत ठेवलेला जंप स्टार्टर गरजेच्या वेळी कुलपाआडच राहतो. ज्या दाराला धातूची किल्ली लागते, त्या दारातून हात पोहोचेल अशा जागी ठेवा. कडक उन्हात गाडी उभी राहत असेल तर काचेखाली नको, सीटखाली सावलीत. लिथियमला ऊन सोसत नाही. दर तीन महिन्यांनी त्याचा चार्ज पाहा, आणि त्याच दिवशी मल्टिमीटर काढून छोट्या बॅटरीचा आकडाही तारखेसह लिहून ठेवा. १२.६, १२.५, १२.३ असा उतार वहीत दिसू लागला की नवी बॅटरी मागवा.